कुटाचा संशय

भाजीत दाण्याचं कूट घातलं आहे की नाही, हे जिभेनं ओळखायला मी त्या उन्हाळ्यात शिकलो. घास तोंडात घ्यायचा, चावायचा, पण लगेच गिळायचा नाही. जीभ टाळूवर हलकेच फिरवायची. कूट असेल तर बारीक रवा लागावा तसं काहीतरी लागतं आणि मागाहून गोडसर चव येते. हे मी रोज जेवताना करायचो. समोर बसलेली बायको माझ्या जबड्याकडे बघायची, मी तिच्या डोळ्यांकडे बघायचो, आणि आमची मुलगी दोघांकडेही बघायला नको म्हणून ताटाशेजारी ठेवलेल्या फोनकडे बघायची.

"काय झालं?" बायको विचारायची.

"काही नाही."

"मग गिळा की."

मी गिळायचो. पण तिनं एवढ्या घाईनं गिळायला का सांगितलं, याचा विचार करत गिळायचो.

आम्हाला बहरीनला येऊन बरीच वर्षं झाली. उम्म अल हस्समला भाड्याचा फ्लॅट आहे, सीफमधल्या एका टॉवरमध्ये माझं ऑफिस आहे, तिथे मी अकाउंट्स बघतो. इथे माणूस पायांनी फारसा कुठे जात नाही. लिफ्टनं खाली, पार्किंगमध्ये, गाडीत. गाडीतून पुन्हा पार्किंगमध्ये, पुन्हा लिफ्टनं वर. पोट सुटत गेलं तसे मी शर्ट बदलत गेलो. मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. "दवा अभी नहीं," त्या म्हणाल्या. "वजन घटाइए, लेकिन धीरे-धीरे. सब कुछ खाइए, थोड़ा-थोड़ा. और चलिए."

त्यांच्या खोलीतून मी बाहेर पडलो तेव्हा यातलं 'वजन घटाइए' एवढंच माझ्याबरोबर बाहेर आलं. बाकीचं मी तिथेच ठेवून आलो. त्याचं कारण आहे. माझ्या वडिलांना साखर होती. त्यांच्या पायाची जखम मी रोज धुतली आहे, आणि शेवटी तो पाय राहिला नाही. काठावर उभं राहून धीरे-धीरे काही करण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

पण मी हे लिहितो आहे ते माझ्या साखरेसाठी नाही. रोज सकाळी मुलीला ईसा टाउनला शाळेत सोडायचं काम माझं होतं. बायको गाडी चालवत नाही. दोनदा परीक्षेत नापास झाल्यावर तिनं तो नाद सोडला. म्हणजे आमची एकुलती एक मुलगी रोज सकाळी माझ्या हातात असायची, हायवेवर, वेगात. दारातून आम्हाला निरोप देताना बायको याचा कधी विचारही करत नसे. तिनं विचार करू नये एवढा माझ्यावर तिचा विश्वास होता. त्या उन्हाळ्यात मी तो कसा खर्च केला, हे मला सांगायचं आहे.

सुरुवात भात आणि पोळीपासून केली. दोन्ही बंद. मग फळं बंद, कारण फळांत साखर. फोनवर एक माणूस डाळींविरुद्ध फार आवेशानं बोलत होता, म्हणून डाळ बंद. उरली उकडलेली अंडी, काकडी, पालेभाजी, कोंबडीचा वाफवलेला तुकडा आणि काळी कॉफी. आणि मग माझी नजर कुटावर गेली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. माझी बायको साताऱ्याकडची. तिच्या हाताला कुटाची सवय आहे. कोशिंबीर, भेंडी, मेथी, वांगं, ठेचा, आमटी, सगळ्यांत शेवटी तिची चिमूट जातेच, आणि ती चिमूट म्हणजे मूठ असते. इतकी वर्षं मी हे आवडीनं खाल्लं होतं. आता मला त्या बरणीत माझा शत्रू दिसू लागला.

"उद्यापासून या घरात कूट नको," मी म्हणालो.

"घरात नको, की तुमच्या ताटात नको?"

"घरात. दिसलं की खावंसं वाटतं."

"तुम्ही काय बरणीत हात घालून कूट खाता होय?"

मी उत्तर दिलं नाही, कारण ते 'हो' असं होतं. दुसऱ्या दिवशी ओट्यावरची बरणी नव्हती.

"टाकलंस?"

"टाकलं."

इथूनच संशय सुरू झाला. दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवणारी बाई, कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या वाण्याच्या, पिशव्यांच्या घड्या घालणारी बाई, भरलेली बरणी एका शब्दावर कचऱ्यात टाकते? आणि वाद न घालता? मला ते पटलं नाही. पण वजन उतरत होतं, तोवर मी गप्प राहिलो.

आणि वजन खरंच भराभर उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. मी आरशासमोर उगाच थांबू लागलो. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, अदलियात एका ओळखीच्यांकडे मराठी मंडळींचं जेवण होतं, तिथे कौतुक ऐकायला मिळेल म्हणून मी मुद्दाम अंगाला बसणारा शर्ट घालून गेलो.

"अहो, काय हे? शुगर निघाली का?" यजमानीणबाईंनी दारातच विचारलं.

"नाही, नाही. डाएट करतोय."

"डाएट!" त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांच्यात या विषयावर आधी बोलणं झालं असावं. "राहू द्या. सांगायचं नसेल तर आग्रह नाही."

आग्रह फक्त त्याच बाबतीत नव्हता. ताटात जिलबी पडली, मी ती काढून ठेवली, दुसरी पडली. "अर्धी तरी. बरं, पाव. अहो, जिलबीनं माणूस मरत नाही हो." सगळे हसले. मीही हसलो आणि मनात म्हणालो, यांना मी जाडच हवा आहे. मी जाड असलो की यांना स्वतःकडे बघावं लागत नाही. त्या दिवशी हा मला फार खोल विचार वाटला होता.

आत बायकांमध्ये माझ्या बायकोला एकीनं बाजूला घेतलं होतं. ऑफिसात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं होतं. हल्ली कुणाचं काही सांगता येत नाही, असंही म्हणाली होती. परतताना गाडीत बायकोनं मला हे सांगितलं.

"खरं सांगा," ती म्हणाली, "रिपोर्टमध्ये अजून काही होतं का?"

"तुला दाखवला ना मी फोनवर."

"एकच पान दाखवलंत."

"एकच पान होतं!"

"एवढ्या तपासण्या, आणि एकच पान?"

मला राग आला. मी तिच्यासाठी, मुलीसाठी उपाशी राहतो आहे, आणि ही मलाच चोर ठरवते. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की आता आम्ही दोघंही एकमेकांवर नजर ठेवून होतो. तिला वाटत होतं मी आजार लपवतोय. मला वाटत होतं ती बरणी लपवतेय.

दरम्यान माझी ताकद कमी होत चालली होती, पण ते मी मान्य करत नव्हतो. दुपारच्या मीटिंगमध्ये समोरचे आकडे तरंगायला लागायचे. मी म्हणायचो, एसी नीट चालत नाही. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत धाप लागायची. मी म्हणायचो, काय हा दमटपणा. कंगव्यात केस जास्त येऊ लागले, हातपाय थंड पडायचे, आणि आवाज मात्र चढलेला असायचा. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ बसतात, शिपिंगचं काम बघतात, माझ्याच वयाचे. रमझानमध्ये त्यांचे रोजे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. एकदा दुपारी त्यांनी माझ्यासमोर खजुराची डबी सरकवली.

"घ्या, भाऊ."

"खजुरात साखर किती असते माहितीय तुम्हाला?"

"ते नाय माहीत. पण आम्ही रोजा धरतो, तेव्हा पहाटे सहरीला खातो नि संध्याकाळी इफ्तारला सोडतो. तुमचा रोजा सुटतो कधी, ते सांगा." मग पलीकडच्या टेबलाकडे वळून ते म्हणाले, "याला वहिनींनी घराबाहेर काढलाय वाटतं."

सगळे हसले. मी डबी परत सरकवली. यांनाही माझं बारीक होणं बघवत नाही, असं मला वाटलं. पन्नाशीच्या आसपासचा माणूस किती मूर्खपणानं विचार करू शकतो, याला मर्यादा नाही. आणि पोट रिकामं असलं तर मुळीच नाही.

मग एका आठवड्यात वजन थांबलं. काटा जिथल्या तिथे. मी वजनकाटा न्हाणीघरातून हॉलमध्ये नेला, हॉलमधून गॅलरीत नेला. तिथेही तेच. खाण्यात बदल नाही, म्हणजे खाण्यात कोणीतरी बदल करत असणार, असा हिशेब मी मांडला. त्या दिवसापासून मी घरात तपास सुरू केला. मिक्सरच्या भांड्याचा वास घ्यायचो. कचऱ्याच्या पिशवीत शेंगदाण्याची सालं दिसतात का बघायचो. बायको घरी ट्यूशनला येणाऱ्या मुलांना गणितं शिकवत असली की मी स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्तानं जायचो आणि डबे उघडून बघायचो. मैद्याच्या डब्यात मैदा, पोह्यांच्या डब्यात पोहे. एवढी स्वच्छता मला संशयास्पद वाटली.

आणि एकदा मी मुलीला विचारलं. "आई मिक्सर कधी लावते गं? मी नसताना?"

ती दहावीत होती. तिनं पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आय डोन्ट नो, बाबा. आय हॅव अ टेस्ट."

मी तिला तिच्या आईवर पाळत ठेवायला सांगत होतो. हे मला त्याच वेळी कळलं होतं. कळूनही मी विचारलं.

त्याच महिन्यात संकष्टी आली. आमच्याकडे संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास असतो. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाटा, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त खाणं असतं असं म्हणायला हरकत नाही. मी ठरवलं, या वेळी उपास खरा करायचा. दिवसभर पाणी आणि काळी कॉफी. उपासामुळे कोणी आग्रह करणार नाही, आणि देवाच्या नावावर वजनही हलेल. मला यात काही खोटं दिसलं नाही. चंद्रोदयाला बायकोनं वरणभात, भाजी आणि मोदकांचा नैवेद्य दाखवला, मला ताट वाढलं. मी मोदकाचा एक कण तोंडात टाकला आणि म्हणालो, पोट भरलंय.

"उपास सोडत नाही का माणूस?" ती म्हणाली. "असं ताटावरून उठू नये."

"दिवसभर उपाशी राहिलं की भूक मरते," मी म्हणालो. भूक मेली नव्हती. भूक मला उभा चिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिऊन मी मुलीला घेऊन निघालो. हायवे नीट पार पडला. ईसा टाउनच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबवली. लाल होता, एवढं आठवतं. मग काही आठवत नाही. झोप लागली असं म्हणता येणार नाही. कोणीतरी मध्येच काही क्षण कापून घेतले असं झालं. पुढे फक्त तिचा आवाज होता.

"बाबा. बाबा! ब्रेक! बाबा!"

पाय ब्रेकवरून सुटला होता आणि गाडी हळूहळू पुढच्या पिकअपकडे सरकत होती. मी ब्रेक दाबला. पिकअपचा मागचा फाळका आमच्या बॉनेटच्या इतका जवळ होता की त्यावरचा गंज दिसत होता. मुलीचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. मागून हॉर्न वाजले. सिग्नल हिरवा झाला होता. मी कशीबशी गाडी बाजूला घेतली.

"आर यू ओके? बाबा, तुझा फेस व्हाइट झालाय."

"काही नाही. जरा चक्कर."

तिनं दप्तरातून डबा काढला, उघडला, माझ्यासमोर धरला. बटाट्याचा पराठा होता. स्वतः घाबरलेली असूनही ती मला खायला देत होती. आणि मी, हे मला लिहिलंच पाहिजे, मी तो पराठा पाहिला आणि म्हणालो, "नको, तूच खा." बटाटा आणि कणीक. मी मरता मरता वाचलो होतो, तिला मारता मारता वाचलो होतो, आणि माझं डोकं अजून बटाट्याकडे बघत होतं.

मग मी म्हणालो, "आईला सांगू नकोस."

"व्हाय?"

"उगाच काळजी करत बसेल."

तिनं डबा बंद केला. "ओके," ती म्हणाली. ते 'ओके' कशाला होतं, याची मी चौकशी केली नाही. माझ्या सोयीचं होतं, ते मी घेतलं.

त्यानंतर घरातलं जेवण बदललं. मला आधी त्यात काही वावगं दिसलं नाही. बायकोनं मला नाचणीची छोटी भाकरी करून वाढली, "यात काही नाही हो, नुसतं पीठ," असं म्हणून. आजारी माणसाला देतात तसं एक पिवळसर सूप रोज येऊ लागलं. "भाज्यांचं पाणी," ती म्हणाली. पालेभाजी जास्त चविष्ट लागू लागली. मी जीभ टाळूवर फिरवायचो. रवाळ काही लागायचं नाही. आणि दुपारचे आकडे तरंगायचे थांबले. पार्किंगमध्ये धाप लागेना. मी खूश होतो. शरीर आता या आहाराला सरावलं, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा.

पण काटा वर सरकला. थोडासाच. मग मला सगळं एकदम दिसू लागलं. नुसत्या पिठाच्या भाकरीला असा वास येत नाही. भाज्यांचं पाणी एवढं दाट नसतं. जेवताना बायको आणि मुलगी एकमेकींकडे बघतात आणि मी पाहिलं की नजर फिरवतात. एकदा मी ऑफिसातून लवकर आलो, तर दोघींचं बोलणं दार उघडताच बंद झालं.

शुक्रवारी सकाळी दोघी शेजारणीबरोबर बाजाराला गेल्या. दार बंद झाल्याबरोबर मी कामाला लागलो. स्वयंपाकघर पुन्हा तपासलं. देवघराचा खण, वॉशिंग मशीनमागची फट, प्रवासाच्या बॅगा. काही नाही. मग मी मुलीच्या खोलीत गेलो. आमच्या घरात आम्ही तिच्या खोलीत दारावर टकटक केल्याशिवाय जात नाही. हा नियम मीच केला होता. तिच्या कपाटात, गेल्या वर्षीच्या पुस्तकांमागे ड्रिंकिंग चॉकलेटचा मोठा डबा होता. झाकण उघडलं. आत दाण्याचं कूट होतं, ताजं, दोनदा दळून चाळलेलं, पिठासारखं. त्यातच एक चमचा.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. मी बरोबर होतो.

डबा जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवून मी खुर्चीत बसून राहिलो. त्या आल्या. हातात पिशव्या होत्या. बायकोनं डबा पाहिला, पिशव्या खाली ठेवल्या, चप्पल काढली, हात धुऊन आली. तिला घाई नव्हती.

"टाकलं म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"नाही टाकलं."

"भाकरीत घालत होतीस?"

"भाकरीत. पालेभाजीत. सुपात मूगडाळ शिजवून घुसळून घालत होते. काकडीत घातलं नाही. काकडीत तुम्ही पकडलं असतंत."

"म्हणजे इतके दिवस मला फसवत होतीस. माझ्याच घरात! आणि लेकीच्या खोलीत लपवून! तिला खोटं बोलायला शिकवतेस?"

बायको काही बोलणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आय टोल्ड हर."

"काय?"

"सिग्नलचं. त्याच दिवशी. तू नको म्हणालास, पण आय टोल्ड हर." ती रडत नव्हती. "आणि डबा माझ्या रूममध्ये ठेवायची आयडिया माझी होती. तू तिथे येणार नाहीस असं वाटलं मला."

मी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं? मग मला का नाही विचारलंस?"

"विचारून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला असतात, काही झालंच नाही, पोरगी उगाच घाबरली. म्हणाला असतात की नाही?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मग मला ठरवावं लागलं असतं, तुम्हा दोघांतलं खोटं कोण बोलतंय ते. मला तिच्यादेखत ते ठरवायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, आधी याच्या पोटात काहीतरी जाऊ दे." रागात ती मला कधी नव्हे ते 'याच्या' म्हणाली. "अहो, त्या दिवसापासून रोज सकाळी तुम्ही निघालात की मी इथे फोन हातात घेऊन उभी असते. ती पोचल्याचा मेसेज येईस्तोवर. चहासुद्धा घेत नाही. तुम्ही तिकडे वजन मोजता, मी इकडे मिनिटं."

"सांगायचंस ना मला."

"रविवारी शाळा उघडली की ती स्कूल बसनं जाईल," ती म्हणाली. "नाव दिलंय मी."

"मला न विचारता?"

"हो. तुम्हाला न विचारता."

मुलगी पिशव्या उचलून स्वयंपाकघरात गेली. आतून फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग भाजी ठेवल्याचा. मी टेबलाशी बसून होतो. माझा संशय शब्दशः खरा ठरला होता, आणि त्या घरात त्याची कोणालाच किंमत नव्हती.

पुढच्या आठवड्यात बायको माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आली. पुन्हा रक्त तपासलं. बाई रिपोर्ट बघून हसल्या नाहीत. 'चरबी के साथ मसल भी गया,' असं म्हणाल्या, आणि रक्तही कमी झालं होतं. मग त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. या वेळी बायको ऐकत होती. सगळी पानं तिनं स्वतः फोनवर घेतली, आणि एकेक करून वाचली.

आता माझं ताट असं असतं: एक भाकरी नाहीतर दोन छोट्या पोळ्या, वाटीभर डाळ किंवा उसळ, पालेभाजी, दही, काकडी-टोमॅटो, आठवड्यात दोनदा इथली ताजी मासळी, अर्धी वाटी भात मन झालं तर. सकाळी अंडं आणि एखादं फळ. कूट चमचाभर, उघडपणे, ओट्यावरच्या बरणीतून. संध्याकाळी ऊन उतरलं की आमच्या ब्लॉकभोवती चालायला जातो, हिवाळ्यात लांबवर. वजन उतरतं आहे, पण इतकं हळू की मला अजून त्याच्यावर भरवसा वाटत नाही. खोटं कशाला बोलू, आजही पहिला घास घेताना जीभ टाळूकडे जाते. मी तिला परत आणतो. कधी बायको हे बघते आणि काही बोलत नाही, आणि मला वाटतं, ती काही बोलत का नाही?

मुलगी मात्र बसनंच जात राहिली. सकाळी मी एकटाच खाली उतरायचो, शेजारची सीट रिकामी. मला वाटलं होतं, अंगात ताकद आली, चेहऱ्यावर तजेला आला, की आपोआप तो हक्क परत मिळेल. तसं होत नाही. शनिवारी सामान आणायला बायको माझ्या शेजारी बसायची आणि सिग्नलला माझ्या पायाकडे बघायची. मी तिला बघू दिलं.

मग परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी बसवाल्याचा मेसेज आला, गाडी बंद पडली. बायको फोनवर टॅक्सी शोधू लागली. मी नाश्ता करत होतो. ती थांबली, माझ्या ताटात पाहिलं. अंडं संपलं होतं, दह्याबरोबर भाकरी अर्ध्यावर आली होती, संत्रं सोलून ठेवलं होतं.

"ते संपवा आधी," ती म्हणाली.

मी संपवलं. ती उभी राहून बघत होती. मग ती मुलीकडे वळली. "जाशील बाबांबरोबर?"

मुलीनं खांदे उडवले. "ओके."

पूर्वी गाडीत बसली की ती फोनमध्ये डोकं घालायची. मी काही विचारलं तर 'हं' म्हणायची. त्या दिवशी ती पार्किंगमधून बाहेर पडल्यापासून बोलत होती. केमिस्ट्रीचे सर कसे एकच उदाहरण तीनदा देतात, मैत्रिणीनं केस कापले ते कसे वाईट दिसतात, कॅन्टीनमधले फलाफल, पुढे कुठले विषय घ्यायचे. इंग्रजी, मध्येच मराठी, पुन्हा इंग्रजी. मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी माझी मुलगी माझ्याशी बोलत होती.

हायवेवर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती मला काहीतरी विचारते आहे. "व्हॉट डू यू थिंक, बाबा?" मी उत्तर दिलं की पुढची गोष्ट. मी क्षणभर गप्प बसलो की लगेच, "बाबा?" एकदा मी मुद्दाम उत्तर द्यायला थोडा उशीर केला. तिचा हात सीटच्या कडेवर घट्ट झाला.

ती मला काही सांगत नव्हती. मी जागा आहे ना, ते ती पाहत होती.

आधी वाईट वाटलं, हे मान्य करतो. मग वाटलं, हिला दुसरं काय करता येण्यासारखं होतं? मी ठेवलंय का तिच्यासाठी दुसरं काही? मी आवाज मोठा केला. केमिस्ट्रीबद्दल मला जे काही येत होतं ते सगळं सांगितलं, फलाफलबद्दल माझं मत सांगितलं, तिच्या मैत्रिणीच्या केसांची बाजू घेतली. तिनं न विचारताही बोलत राहिलो, लांबलचक वाक्यं, एकामागून एक, एक क्षणही मोकळा सोडला नाही. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. तिचा हात सीटवरून निघून मांडीवर आला.

शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली. उतरण्याआधी तिनं फोनवर भराभर काहीतरी टाइप केलं. कोणाला, ते मला माहीत होतं. काय, ते मी विचारलं नाही.

"ऑफिसला पोचलास की मला पण कर मेसेज," ती मराठीत म्हणाली, आणि दार लावून पळाली.